नाकाला कच्चं पाणी कशाला?



गेल्या पंधरवड्यापासून आपल्या महिला मंडळाच्या ग्रुपवर नाकाचीच चर्चा चालली आहे. पावसाळा तोंडावर आला, चातुर्मासात घरोघरी खोकला नको, म्हणून जलनेती करा, नाकात तेल सोडा, वाफ घ्या, लिंबू पिळा. गोळी नको, सुई नको, सर्दी फिरकणार नाही. एकीने लिहिलं, "सध्या टाकीचं पाणी आपोआप कोमट येतंय, तेच लोट्यात घ्या, गॅस कशाला जाळता?" त्याखाली सतरा जणींनी हात जोडले. हात जोडण्याआधी कुणी विचार केला का, ते विचारायला आज लिहायला बसले आहे.

आधीच सांगते, मी नाक धुणाऱ्यांतली आहे. आमच्या सौंदडला धानाच्या मळणीच्या दिवसांत हवेत जो भुसा उडतो, तो राइस मिलजवळ राहणाऱ्यांना विचारा. हायवेची धूळ वेगळीच. संध्याकाळी नाक शिंकरलं की रुमाल काळा. तेव्हा मिठाच्या पाण्याने नाक धुतल्यावर जो मोकळा श्वास येतो, त्याचं महत्त्व मला कुणी पटवून द्यायला नको. माझं भांडण नाक धुण्याशी नसून आपण ते ज्या बेफिकिरीने करतो आणि ज्या थापा मारून दुसरीला सांगतो, त्याच्याशी आहे.

आपल्या घरातल्या पाण्याचा हिशेब आठवा. नुसतं गाळलेलं पाणी दोन घडी, म्हणजे ४८ मिनिटं. लवंग घालून प्रासुक केलं तर दोन प्रहर, म्हणजे सहा तास. चांगलं उकळलं तर चोवीस तास. छन्न्यावरची जिवाणी जिथलं पाणी तिथे परत. माझ्या सासूबाई सून निवडताना पोळीच्या आधी पाणी गाळणं बघत, असं आम्ही चेष्टेने म्हणायचो. लग्नाच्या पंगतीत "पाणी कोणतं आहे?" हे विचारल्याशिवाय आपण पेल्याला हात लावत नाही. आणि अशा घरातल्या बाईने, घशाखाली जाणाऱ्या पाण्याला इतका नियम पाळून, नाकातून थेट डोक्याकडे जाणारं पाणी मात्र टाकीतून काढावं? हे मला काही केल्या समजत नाही.

टाकीतलं पाणी कोमट असतं म्हणूनच ते नको. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५च्या आसपास जातो, गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी हाताला चटका देतं. गोड्या, उबदार पाण्यात नेग्लेरिया फाउलेरी नावाचा एकपेशीय जीव राहू शकतो. तळी, विहिरी, पोहण्याचे नीट न राखलेले तलाव, नळाच्या पाइपलाइन, सगळीकडे तो सापडलेला आहे. त्याची रीत विचित्र आहे. ते पाणी प्यायलात तर पोटात तो काही करत नाही. नाकातून वर गेला तर मात्र वासाच्या नसेच्या वाटेने मेंदूत पोचतो. आधी डोकेदुखी, ताप, उलट्या, मान आखडणं. मग बहुतेकांना फार दिवस मिळत नाहीत. आजार अतिशय दुर्मीळ आहे हे खरं, उगाच घाबरवत नाही. पण ज्यांना झाला त्यांच्यातले शंभरातले पंच्याण्णवांहून जास्त वाचले नाहीत.

"हे पोहणाऱ्यांना होतं, आपण कुठे पोहतो," असं कुणी म्हणेल. २०११ साली अमेरिकेत लुइझियाना राज्यात दोघे दगावले. ते पोहायला गेले नव्हते, घरात नळाचं पाणी नेतीच्या भांड्यात घेऊन नाक धूत होते. कराचीत जवळजवळ दर उन्हाळ्यात असे रुग्ण सापडतात आणि त्यातले अनेक जण कधी पोहलेले नसतात, वजू करताना नाकात ओढलेल्या नळाच्या पाण्याकडे तिथले डॉक्टर बोट दाखवतात. आणि केरळ तर आपल्याच देशात आहे. २०२४ आणि २०२५ मध्ये तिथे अशा मेंदूच्या आजाराच्या एकामागून एक बातम्या आल्या, लहान मुलं गेली, सरकारने विहिरी आणि टाक्यांमध्ये क्लोरीन टाकण्याची मोहीम काढली.

"आम्ही छन्न्याने गाळून घेतो" हे उत्तर मी ऐकलं आहे. गाळणं चांगलंच. अनेक पदरी जुन्या साडीतून पाणी गाळलं तर पटकीचे जंतू अंगावर घेऊन फिरणारे बारीक पाणकिडे बरेचसे अडतात, हे बांगलादेशात खेड्यांतल्या बायकांना घेऊन केलेल्या अभ्यासात दिसलं आणि तिथे पटकी जवळजवळ निम्म्याने कमी झाली. आपल्या पूर्वजांचा छन्ना फुकट नव्हता. पण हा अमीबा त्या किड्यांपेक्षा कितीतरी लहान, कापडातून आरामात जातो. घरच्या आरओच्या पाण्याचंही तेच. गाळणीच्या पुढची साठवणटाकी आणि तोटी किती दिवसांत धुतली, हे आपलं आपल्याला माहीत. त्याला उपाय एकच, उकळी.

आणि आता गंमत बघा. अमेरिकेतलं औषध प्रशासन नाक धुणाऱ्यांना सांगतं, पाणी तीन ते पाच मिनिटं उकळा, कोमट होऊ द्या, आणि उकळलेलं पाणी स्वच्छ, झाकलेल्या भांड्यात ठेवलं तर चोवीस तासांच्या आत वापरा. चोवीस तास! आपल्या आज्यांनी जी मर्यादा घालून दिली तीच. वेगळ्या कारणाने, वेगळ्या वाटेने, पण आकडा तोच. इतकं सोपं आपल्या हातात असताना आपण टाकीची तोटी सोडतो. बाहेरच्या बाईला हे नव्याने शिकावं लागेल, आपल्याला फक्त ओट्यावरचं पातेलं नाकापर्यंत न्यायचं आहे.

"उकळण्यातही हिंसाच ना," असं एका ताईंनी मागे विचारलं होतं. हा प्रश्न जुना आहे आणि त्याचं उत्तरही आपल्याकडे जुनंच आहे. एकदा उकळलं की त्या मर्यादेत पुढे पाण्यात जीवांची उत्पत्ती होत नाही, म्हणून तर व्रती बाई उकळलेलं पिते. पिण्यासाठी जे चालतं ते नाकासाठी चालत नाही, असं कुणी महाराजांनी सांगितल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

आता दुसरं भांडण, थापांचं. मी बी.कॉम. आहे, लग्नानंतर नोकरी केली नाही, पण जमा आणि नावे या दोन बाजू अजून विसरले नाही. "नेती करणाऱ्याला सर्दीच होत नाही" हा दावा जमेच्या बाजूला मांडायचा तर पावती लागते. काय पावत्या आहेत? एडिंबरामध्ये सत्तराहून कमी माणसांवर एक छोटा प्रयोग झाला, २०१९ मध्ये छापून आला. सर्दी सुरू झाल्यापासून दोन दिवसांच्या आत ज्यांनी घरी केलेल्या मिठाच्या पाण्याने नाक धुतलं आणि गुळण्या केल्या, त्यांची सर्दी सरासरी जवळजवळ दोन दिवस आधी संपली आणि घरातल्या इतरांना ती कमी लागली. नंतर ब्रिटनमध्येच सुमारे चौदा हजार लोकांवर मोठा प्रयोग झाला, तो २०२४ मध्ये 'लॅन्सेट'च्या श्वसनविकारांच्या मासिकात आला. त्यात नाकात फवारा मारणाऱ्यांचे सहा महिन्यांतले आजारी दिवस साधारण आठवरून साडेसहावर आले आणि अँटिबायोटिकचा वापर एक तृतीयांशाच्या आसपास घटला. त्यातल्या एका गटाचा फवारा साध्या खारट पाण्याचा होता.

दीड-दोन दिवस. एवढीच जमा. मी म्हणते ही काही थोडी नाही. ज्या घरात एक जण शिंकला की आठवड्यात सहा जण झोपतात आणि सहाही जणांचा काढा एकच बाई करते, त्या बाईला दोन दिवसांची किंमत विचारा. पण "सर्दी होणारच नाही", "न्यूमोनिया होणार नाही", "लस नको" ही रक्कम कुठल्याच पावतीवर नाही. खोट्या नोंदी घातल्या की खरी नोंदही खोटी वाटायला लागते. मग घरातले पुरुष आणि डॉक्टर हसतात, "बायकांचे घरगुती उपाय" म्हणून खऱ्या गोष्टीवरही काट मारतात. ही संधी आपणच देतो.

हे मोजून-मापून बघण्याचं वेड परदेशातून आलेलं नाही, हेही सांगते. स्वामी कुवलयानंदांनी, म्हणजे आपल्याकडे अमळनेरला शिक्षक राहिलेल्या जगन्नाथ गणेश गुण्यांनी, १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं ते यासाठीच. योगक्रिया करताना शरीरात काय होतं ते यंत्र लावून बघायचं, आकडे लिहायचे, 'योगमीमांसा' नावाच्या त्रैमासिकात छापायचे. शंभर वर्षांपूर्वी या माणसाने जे केलं, त्याच्या नावाने योग शिकवणाऱ्यांनी निदान मीठ तरी मोजून घालावं!

वाफेबद्दल लिहिलं की मला बोलणी बसणार. वाफ आपल्याला आवडते, कारण ती सेवा दिसते. डोक्यावर टॉवेल, समोर पातेलं, शेजारी आई बसलेली. पण ब्रिटनमध्येच सायनसचा वारंवार त्रास होणाऱ्या ८७१ लोकांवर दोन्ही उपाय करून बघितले (२०१६ साली छापून आलं), तेव्हा नाक धुण्याने थोडा फायदा दिसला, वाफेने नाही. आणि कोरोनाच्या काळात वाफेच्या पातेल्याने मुलं भाजल्याच्या घटना इतक्या वाढल्या की बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांना 'लॅन्सेट'मध्ये पत्र लिहून सावध करावं लागलं. मोठ्या बाईला वाफेने बरं वाटत असेल तर घ्यावी, मी कोण अडवणार. नातवाला मांडीवर धरून उकळत्या पातेल्यावर वाकवू नका, एवढंच.

लिंबू मात्र बंद. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत नाकात लिंबाचा रस टाकण्याचा सल्ला देशभर फिरला, सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने तो खोटा असल्याचं जाहीर केलं, तरी आपल्या ग्रुपवर तो दर पावसाळ्यात नवा जन्म घेतो. कर्मसिद्धांत माणसांना लावा, मेसेजला नको.

तेलाविषयी थोडं जपून बोलते, कारण मोठ्या माणसाने सकाळी नाकपुडीला आतून बोटाने तीळतेल किंवा तूप लावणं जुनं आहे, २०२० मध्ये आयुष मंत्रालयानेही ते सांगितलं होतं. कोरड्या नाकाला बरं वाटतं. मला राग येतो तो तान्ह्या बाळाच्या नाकात तेल सोडण्याचा. आपल्या भागात मालिश करणारी बाई आली की टाळू, कान, नाक, सगळीकडे थेंब. बाळ रडतं, श्वास ओढतं, तेल फुप्फुसात जातं. फुप्फुसाला तेल पचत नाही. त्याने होणाऱ्या न्यूमोनियाला डॉक्टरांकडे वेगळं नावच आहे, आणि भारतातल्या बाळांमध्ये तो अशाच मालिशीतून झाल्याचं त्यांनी वारंवार लिहून ठेवलं आहे. पण मालिशवाल्या मावशीला अडवायला सून धजत नाही, सासूने सांगावं लागतं. आपण साठीच्या बायका आता त्या सासवा आहोत. सुनेच्या जागी असताना बोलता आलं नाही, आता तरी बोला.

"आमच्या आज्या-पणज्या कुठे औषधं घेत होत्या?" हा प्रश्न ग्रुपवर आला की सगळ्या गप्प होतात. मी गप्प बसत नाही. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत देशात सर्वांत जास्त मार बसलेल्या प्रांतांत आपला मध्य प्रांत-वऱ्हाड होता. तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या आपल्या गोंदियातही, अँटिबायोटिक नव्हतं, ऑक्सिजन नव्हता, लस नव्हती. काढा होता, तेल होतं, मीठ होतं, वाफ होती. ज्या पणज्या वाचल्या त्यांच्या आठवणी आपल्यापर्यंत आल्या, ज्या गेल्या त्यांच्या कशा येणार?

तरी औषध टाळण्याची आपली ओढ मला कळते. कॅप्सूलचं कवच बहुधा जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्याचं, मग घशाखाली उतरत नाही. शिवाय साध्या सर्दीला मेडिकल दुकानातून पाच गोळ्यांची पट्टी कापून घ्यायची सवय घराघरांत लागली आहे. सर्दी विषाणूची, अँटिबायोटिक जिवाणूंसाठी, म्हणजे उधारी एकाची आणि वसुली दुसऱ्याकडून. २०१४ पासून अशी बरीच औषधं चिठ्ठीशिवाय विकू नयेत आणि विकली तर वहीत नोंद ठेवावी असा नियम कडक झाला आहे, तरी एका दुकानात माझ्यासमोर नुसती "खोकल्याची स्ट्राँग द्या" म्हटल्यावर मिळाली. नाक उघडणारे थेंबही आठवडाभरापेक्षा जास्त टाकले तर नाक त्यावाचून उघडेनासं होतं. हे सगळं टाळायला खारट पाणी उत्तम आहे. पण दम लागला, श्वास भराभर चालला, ताप उतरेना, ओठ निळसर दिसले, तर त्या दिवशी लोटा बाजूला ठेवून गोंदियाची गाडी धरायची. तिथे कवचाचा विचार करत बसायचं नाही. कवच नको असेल तर डॉक्टरांना तसं सांगा, बऱ्याचदा तीच गोष्ट गोळीत किंवा सिरपमध्ये मिळते.

आता करायचं कसं ते. अर्धा लिटर पाणी खळखळा उकळून झाकून कोमट होऊ द्यायचं. त्यात सपाट एक छोटा चमचा मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा. आयोडीन नसलेलं बारीक मीठ मिळालं तर नाक कमी चुरचुरतं. मीठ कमी पडलं तरी झोंबतं, जास्त झालं तरी झोंबतं, म्हणून चमचा एकच ठरवून ठेवा. बेसिनवर पुढे वाकायचं, डोकं एका बाजूला कलतं, तोंड उघडं, श्वास तोंडाने. वरच्या नाकपुडीत ओतलं की खालच्यातून येतं. नंतर दोन्ही नाकपुड्या उघड्या ठेवून हळू शिंकरायचं. एक नाकपुडी दाबून जोर केला तर पाणी कानाकडे जातं आणि कान धरतो. कान फुटलेल्यांनी, नाकातून रक्त येणाऱ्यांनी, नुकतंच नाकाचं ऑपरेशन झालेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. तान्ह्यांना अजिबात नको. लोटा ज्याचा त्याचा, धुऊन, पालथा घालून, कोरडा करून.

एक गोष्ट यूट्यूबवरचा योगगुरू सांगणार नाही, कारण त्याला गरजच नाही. नाक धुताना थोडं पाणी घशात उतरतंच. सूर्यास्तानंतर चारही आहारांचा त्याग असलेल्या बायकांनी ते दिवस असतानाच करावं, आणि घशात आलेलं थुंकून टाकावं. उपवासाच्या दिवशी करायचं की नाही हे माताजींना विचारा. मी त्या दिवशी करत नाही, पण माझा नियम तुमच्यावर लादत नाही.

हे सगळं आजच लिहायची घाई अशासाठी, की पुढच्या रविवारी मंडळाच्या शिबिरात सामूहिक जलनेती ठेवली आहे. सौंदड, सडक अर्जुनी, साकोली मिळून चाळीसेक बायका, सोबत मुलं. ठरलेलं असं ऐकते की चार नेतीपात्रं आणायची, बादलीत टाकीचं पाणी, आणि रांगेने एकामागून एक. एकीची सर्दी चाळीस जणींच्या नाकात घालायची याहून सोपी युक्ती मला माहीत नाही, आणि बादलीतल्या पाण्याविषयी वर लिहिलंच आहे. संयोजक ताईंना मी फोन केला होता, त्या म्हणाल्या, "काकू, एका दिवसाने काय होतंय?" मी त्यांना म्हटलं, एका दिवसासाठी आपण बिनछणी पाण्याचा चहा पाजाल का सगळ्यांना? त्यावर त्या काही बोलल्या नाहीत.

तर शिबिराला येणाऱ्या प्रत्येकीने घरून आपला लोटा आणि उकळून झाकलेलं अर्धा लिटर पाणी आणावं. ज्यांना गोंदियाहून सकाळच्या गाडीने यायचं आहे त्यांच्यासाठी मी इथे पहाटे दोन मोठी पातेली चढवते. आदल्या रात्री किती जणींना हवं ते कळवा, म्हणजे मीठ त्या मापाने बांधून ठेवता येईल.